गढूळ बिअरचा महाग डबा : किंमत कशाची आणि वाटा कोणाचा ?

शेतमालावर प्रक्रिया केली की त्याची किंमत वाढते, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु वाढलेली किंमत नेमकी कशाची आणि तीत पिकवणाऱ्याचा वाटा किती, हा हिशोब क्वचितच मांडला जातो. हा हिशोब समजावून घेण्यासाठी अमेरिकेतील एका महागड्या पदार्थाचे उदाहरण चांगले उपयोगी पडते. तो पदार्थ म्हणजे तेथील छोट्या कारखान्यांत तयार होणारी, दिसायला गढूळ असणारी बिअर. तिला तेथे 'हेझी आयपीए' म्हणतात. साध्या बिअरपेक्षा ती बरीच महाग विकली जाते, आणि ही किंमत रास्त आहे काय, असा प्रश्न तेथील ग्राहक नेहमी विचारतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मद्यपानाचा प्रचार करणे हा या लेखाचा उद्देश नाही. बिअर ही शेवटी जव आणि हॉप या दोन पिकांवरील प्रक्रिया आहे. या प्रक्रियेत पैसा कोठे कोठे जातो हे पाहिले, तर आपल्या द्राक्ष, डाळिंब, स्ट्रॉबेरी किंवा गुळाच्या धंद्यालाही तोच हिशोब लावता येतो.

गढूळ बिअर म्हणजे काय ?

बिअर करण्यासाठी जवाला मोड आणून तो वाळवतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्यासारखीच ही क्रिया आहे. या मोडाच्या धान्याला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात मुरवून गोड रस काढतात, त्यात हॉपची वाळलेली फुले घालून तो उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट मिसळून आंबवतात. साधी बिअर त्यानंतर निवळू देतात किंवा गाळतात, त्यामुळे ती काचेसारखी स्वच्छ दिसते.

गढूळ बिअरमध्ये मुद्दाम असे करीत नाहीत. तिच्यात जवाबरोबर ओट्स व गहू घालतात. या धान्यांतील प्रथिने आणि हॉपमधील टॅनिनसारखी द्रव्ये एकमेकांना चिकटून रसात तरंगत राहतात, त्यामुळे बिअर संत्र्याच्या रसासारखी दिसते. यीस्टही लवकर तळाशी न बसणारे निवडतात. बिअर गढूळ आहे म्हणजे ती अस्वच्छ किंवा बिघडलेली आहे, असे नाही.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेच्या ईशान्य भागात, व्हरमाँट राज्यात झाली. वॉटरबरी गावात जॉन व जेन किमिच यांनी २००३ मध्ये 'द अल्केमिस्ट' हा लहान कारखाना काढला. त्यांची 'हेडी टॉपर' ही बिअर या प्रकारातील पहिल्या नावाजलेल्या बिअरपैकी एक होय. २०११ साली आयरीन वादळाच्या पुरात त्यांचे दुकान बुडाले, पण त्याच सुमारास डबे भरण्याचा नवा कारखाना सुरू झाला आणि तिचे नाव दूरवर गेले. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातील 'ट्री हाउस' व 'ट्रिलियम' या कारखान्यांनी हाच मार्ग धरला. २०१८ मध्ये तेथील बिअर उत्पादकांच्या संघटनेने आपल्या प्रकारांच्या यादीत गढूळ बिअरला स्वतंत्र स्थान दिले.

हॉप : खर्चाचे मूळ

हॉप ही भांगेच्या कुळातील बहुवर्षायू वेल आहे. नर व मादी वेली वेगळ्या असतात आणि बिअरसाठी फक्त मादी वेलीची शंकूसारखी फुले वापरतात. वेलींसाठी सुमारे १८ फूट उंचीचा खांब-तारांचा मांडव उभारावा लागतो. लागवडीनंतर पूर्ण उत्पन्न साधारण तिसऱ्या वर्षी मिळते. ताज्या फुलांत ७५ ते ८० टक्के पाणी असते. काढणीनंतर लगेच ती वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. अमेरिकेत जवळजवळ सर्व हॉप वॉशिंग्टन, ऑरेगॉन व आयडाहो या तीन राज्यांत पिकतो. त्यांत वॉशिंग्टनमधील याकिमा खोरे सर्वांत मोठे आहे. तेथे एकरी सुमारे ८५० ते ९०० किलो वाळलेला हॉप निघतो.

या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. म्हणून महाराष्ट्रात हे पीक घेण्याच्या भरीस पडू नये. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची थोडीफार लागवड झालेली आहे.

हॉप बिअरला दोन गोष्टी देतो : कडवटपणा आणि सुगंध. कडवटपणासाठी हॉप रसात बराच वेळ उकळतात आणि त्यासाठी थोडा हॉप पुरतो. सुगंध मात्र फुलांतील तेलाचा असतो. हे तेल फुलांच्या वजनाच्या अवघे १ ते ३ टक्के असते आणि उकळताना उडून जाते. गढूळ बिअरला आंबा, संत्रे, पॅशन फ्रूट अशा फळांचा वास हवा असतो, म्हणून हॉप उकळी संपल्यावर व रस आंबत असताना थंडच भिजत घालतात. या पद्धतीत हॉप खूप जास्त लागतो. शिवाय भिजलेला चोथा बिअर शोषून घेतो आणि ती बिअर तळातील गाळाबरोबर वाया जाते. म्हणजे जास्त हॉपचा खर्च दोनदा बसतो : एकदा हॉप विकत घेताना आणि दुसऱ्यांदा हाती येणाऱ्या मालाची घट होते तेव्हा.

वाणाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. 'कॅस्केड' हा जुना सुगंधी वाण सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये प्रसारित झाला. तो कोणीही लावू शकतो. गढूळ बिअरसाठी ज्यांना मागणी आहे ते 'सिट्रा' व २०१२ मध्ये आलेला 'मोझॅक' हे वाण खासगी पैदासकारांचे आहेत. ते परवान्याशिवाय लावता येत नाहीत. त्यामुळे त्यांचे भाव चढे राहतात.

एका जुडीचा हिशोब

गढूळ बिअर बहुधा ४७३ मिलिलिटरच्या चार डब्यांच्या जुडीने विकली जाते. तुलनेसाठी छोट्याच कारखान्यातील साध्या बिअरची तेवढीच जुडी घेऊ. पुढील आकडे कोणा एका कारखान्याचे नाहीत. खर्चाचे प्रमाण समजावे म्हणून गृहीत धरलेले हे उदाहरण आहे.

दोन्ही बिअर १ बॅरल म्हणजे ११७ लिटर केल्या, असे समजा. गढूळ बिअरला १.८ किलो हॉप ४० डॉलर किलोने आणि ३० किलो माल्ट व ओट्स दीड डॉलर किलोने लागतात. घट २० टक्के धरली तर सुमारे ५० जुड्या मिळतात. साध्या बिअरला ०.४५ किलो हॉप २३ डॉलरने आणि २३ किलो माल्ट त्याच भावाने लागतो. घट ८ टक्के धरली तर ५७ जुड्या मिळतात. दुकानातील किंमत अनुक्रमे १८ व ११ डॉलर धरू.

कोष्टक क्र. १ : चार डब्यांच्या जुडीची विभागणी (डॉलर)

| तपशील | गढूळ बिअर | साधी बिअर | फरक |
|---|---|---|---|
| हॉप | १.४४ | ०.१८ | १.२६ |
| माल्ट व ओट्स | ०.९० | ०.६१ | ०.२९ |
| यीस्ट व इतर | ०.२० | ०.१५ | ०.०५ |
| डबा, झाकण, लेबल, पकड | १.६० | १.३० | ०.३० |
| केंद्रीय कर | ०.०६ | ०.०६ | ०.०० |
| एकूण थेट खर्च | ४.२० | २.३० | १.९० |
| मजुरी, भाडे, वीज, हप्ते व नफा | ५.५२ | ३.६४ | १.८८ |
| घाऊक वितरक (२८ टक्के) | ३.७८ | २.३१ | १.४७ |
| किरकोळ दुकानदार (२५ टक्के) | ४.५० | २.७५ | १.७५ |
| दुकानातील किंमत | १८.०० | ११.०० | ७.०० |

केंद्रीय कर सारखाच दिसतो याचे कारण असे की, अमेरिकेत छोट्या कारखान्यांना पहिल्या ६० हजार बॅरलपर्यंत बॅरलमागे साडेतीन डॉलरच कर आहे. ही सवलत २०१८ पासून लागू झाली व २०२० च्या कायद्याने कायम झाली. राज्यांचे कर वेगवेगळे असल्याने ते येथे धरलेले नाहीत.

या कोष्टकावरून काय दिसते ?

पहिली गोष्ट अशी की, कच्च्या मालाचा खर्च खरोखरच जास्त आहे. हॉपचा जुडीमागील खर्च साध्या बिअरच्या आठपट आहे. 'गढूळ बिअर गाळत नाहीत, म्हणजे काम कमी, मग ती स्वस्त पडली पाहिजे' हा समज बरोबर नाही. गाळणीच्या खर्चात होणारी बचत हॉपच्या खर्चापुढे फारच लहान आहे.

दुसरी गोष्ट अशी की, किंमत ७ डॉलरने वाढली तरी थेट खर्च १.९० डॉलरनेच वाढला आहे. याचा अर्थ बाकीची सर्व लूट आहे, असा नव्हे. वितरक व दुकानदार आपला मोबदला टक्केवारीने घेतात. कारखानदाराने स्वतःसाठी एक सेंटही जास्त न घेता फक्त वाढीव १.९० डॉलर भरून काढायचे ठरवले, तरी टक्केवारी लागत लागत दुकानातील किंमत सुमारे साडेतीन डॉलरने चढते. म्हणजे ७ डॉलरच्या फरकातील निम्मा फरक मालाच्या खर्चातून आणि विक्रीच्या पद्धतीतून आपोआप येतो. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक व दुकानदार वेगळे ठेवण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे दुकानात माल पाठवायचा असेल तर ही साखळी सहसा टाळता येत नाही.

राहिलेला निम्मा फरक तीन कारणांनी येतो. एक म्हणजे लहान प्रमाण. थोड्या मालासाठी मजुरी, धुलाई व टाक्यांचे हप्ते डब्यामागे जास्त बसतात. दुसरे म्हणजे ताजेपणा. या बिअरला हवेचा अगदी थोडा स्पर्श झाला तरी सुगंध मरतो आणि रंग काळपट होतो. ती थंड ठेवून काही आठवड्यांतच विकावी लागते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जशी घाई असते तशीच ही घाई, आणि शिल्लक मालाचा तोटा कारखान्यालाच सोसावा लागतो. तिसरे कारण म्हणजे नाव आणि टंचाई. माल थोडा काढायचा, तो ठरावीक दिवशी विकायचा आणि ग्राहक रांगेत उभे राहिले की चढा भाव घ्यायचा. पहिली दोन कारणे खर्चाची आहेत, तिसरे केवळ मागणीचे आहे.

जास्त हॉप म्हणजे जास्त सुगंध काय ?

खर्च झाला म्हणून तो योग्यच होता, असे धरून चालत नाही. खताच्या मात्रेबाबत आपण हे नेहमी अनुभवतो. शिफारशीपर्यंत नत्र दिले की उत्पन्न वाढते. त्यापुढे प्रत्येक जादा गोणीचा फायदा घटत जातो आणि शेवटी पीक लोळते. हॉपचेही तसेच आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅस्केड हॉप १०० लिटर बिअरला २०० ग्रॅमपासून १६०० ग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या मात्रेत थंड भिजवला. सुमारे ८०० ग्रॅमपर्यंत सुगंधात चांगली भर पडली. त्यापुढे मात्र वाढ फारशी झाली नाही, उलट चहापत्ती व पाल्यासारखा वास पुढे आला.

हा प्रयोग एकाच वाणावर व एकाच पद्धतीने झालेला असल्याने तो प्रत्येक बिअरला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही आपल्या उदाहरणात १.८ किलोपैकी दीड किलो हॉप थंड भिजवला, असे धरू. ही मात्रा १०० लिटरला सुमारे १३०० ग्रॅम होते. ती ८०० ग्रॅमवर आणली, तर बॅरलमागे अर्ध्या किलोपेक्षा जास्त हॉप वाचतो. जुडीमागे सुमारे ४५ सेंट थेट खर्च कमी होतो आणि दुकानातील किंमत ८० सेंटच्या आसपास उतरू शकते. चोथ्यात वाया जाणारी बिअर वाचेल ती वेगळीच. म्हणजे महागाईचा काही भाग ग्राहकाला उपयोगी नसलेल्या खर्चाचा असू शकतो. डब्यावर 'दुप्पट हॉप' असे छापले म्हणून दुप्पट गुण मिळतोच असे नाही.

पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते ?

हॉपच्या एका किलोला कारखाना ४० डॉलर देतो असे आपण धरले, पण शेतावर तेवढा भाव मिळत नाही. मधे दाबून गोळ्या करणे, थंड साठवण, वाणाचा परवाना आणि व्यापाऱ्याचा खर्च येतो. अमेरिकेतील शेतावरचा सरासरी भाव अलीकडच्या वर्षांत किलोला साधारण ११ ते १३ डॉलर राहिला आहे. १२ डॉलर धरले तर १८ डॉलरच्या जुडीतून हॉप उत्पादकाला ४३ सेंट मिळतात. ३० किलो माल्टसाठी सुमारे ३७.५ किलो जव लागतो. किलोला ३० सेंट भाव धरला आणि ओट्सही त्यातच मोजले, तर धान्य उत्पादकाला २२ सेंट मिळतात. दोन्ही मिळून ६५ सेंट, म्हणजे शंभरात ३ रुपये ६० पैसे या प्रमाणात वाटा शेतकऱ्याचा !

एकरी हिशोब केला तर हे अधिक स्पष्ट होते. ८७० किलो हॉपपासून आपल्या उदाहरणातील सुमारे ४८० बॅरल, म्हणजे २४ हजार जुड्या तयार होतील. दुकानात त्यांची किंमत ४ लाख ३२ हजार डॉलर होते. हॉप उत्पादकाला त्यातून सुमारे साडेदहा हजार डॉलर मिळतात, आणि त्यातूनच मांडव, मजुरी, वाळवणी व पाण्याचा खर्च भागवावा लागतो.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हॉपचा शेतावरील भाव निम्मा झाला आणि ती सर्व बचत ग्राहकाला दिली, तरी जुडी बावीस सेंटांनीच स्वस्त होईल. म्हणून शेतातील भाव पडला तरी ग्राहकाला तो जाणवत नाही, आणि मागणी वाढून शेतकऱ्याचा माल उचलला जात नाही. जेथे शेतमालाचा वाटा लहान असतो, तेथे मंदीचा भार शेतकऱ्याला एकट्यालाच उचलावा लागतो.

अमेरिकेत नेमके तेच घडले. सुगंधी हॉपला मागणी वाढली तसे शेतकऱ्यांनी मांडव वाढवले. २०२१ मध्ये हॉपचे क्षेत्र ६० हजार एकरांच्या वर गेले. पुढे छोट्या कारखान्यांची वाढ थांबली, गोदामांत माल साठला, आणि २०२४ मध्ये क्षेत्र सुमारे ४५ हजार एकरांवर आले. तीन वर्षांत चौथा हिस्सा क्षेत्र कमी झाले ! वेल काढता येते, पण मांडवात घातलेले पैसे काढता येत नाहीत. आपल्याकडे २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइनच्या द्राक्षांखाली क्षेत्र वाढले आणि २००८-०९ च्या मंदीनंतर नाशिक भागातील अनेकांना त्या बागा मोडाव्या लागल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

मग किंमत रास्त आहे काय ?

वरील हिशोबावरून असे म्हणता येते की, साध्या बिअरपेक्षा साडेतीन-चार डॉलर जास्त किंमत खर्चाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. छोटे प्रमाण व ताजेपणा यांसाठी आणखी एखादा-दुसरा डॉलर धरता येईल. त्यापुढील किंमत नावाची आणि टंचाईची आहे. ती घेणे गैर नाही, पण ती टिकाऊ नसते. शेजारच्या गावात तसाच माल करणारा दुसरा कारखाना निघाला की ती प्रथम जाते. मात्र जुना, उबदार गोदामात पडलेला डबा तेवढ्याच किमतीला विकणे कोणत्याही हिशोबात रास्त ठरत नाही, कारण ज्या सुगंधासाठी पैसे घेतले तोच त्यात उरलेला नसतो.

आपल्यासाठी बोध

१. प्रक्रिया उद्योगासाठी नवे पीक घेण्यापूर्वी पक्क्या मालाच्या किमतीत आपल्या मालाचा वाटा शंभरात किती, हे काढून पाहावे. पक्का माल महाग आहे म्हणून कच्च्या मालाला चांगला भाव मिळेलच, असे समजू नये.

२. आपल्या उदाहरणातील कारखान्याने तीच जुडी स्वतःच्या दारात १८ डॉलरला विकली, तर थेट खर्च जाऊन त्याच्या हाती ५.५२ ऐवजी १३.८० डॉलर राहतात. विक्रीची जागा व माणसे यांचा खर्च त्यातून जाईल, तरीही फरक मोठा आहे. शेतकरी गटांनी थेट विक्रीचा विचार यासाठीच करावा.

३. संरक्षित वाणाचा परवाना घेताना रोपांची किंमत, दरवर्षीचे स्वामित्व शुल्क, माल कोणाला विकण्याचे बंधन आहे आणि करार मोडल्यास बागेचे काय, हे लेखी समजून घ्यावे. आपल्या देशात २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क आहे. मात्र त्या वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

४. मांडव, शीतगृह अशा न हलणाऱ्या गोष्टींत भांडवल घालताना खरेदीचा करार किती वर्षांचा आहे ते पाहावे. दोन वर्षांच्या करारावर पंधरा वर्षांचा मांडव उभारू नये.

५. गूळ, काकवी, बेदाणा, फळांचा रस यांना चढा भाव मागायचा असेल, तर त्यामागचा खरा गुण दाखवता आला पाहिजे. तयार केल्याची तारीख छापावी, साठवण नीट करावी आणि जुना माल नव्याच्या भावाने विकू नये.

६. जादा खर्च म्हणजे जादा गुण, ही समजूत सोडावी. खत असो, फवारणी असो वा प्रक्रियेतील घटक असो, कोणत्या मात्रेनंतर फायदा थांबतो हे थोड्या मालावर करून पाहावे आणि मगच मोठा खर्च करावा.

थोडक्यात, महाग वस्तू दिसली की 'एवढी किंमत का ?' असे विचारून थांबू नये. 'ती कोणाकोणात वाटली जाते ?' हेही विचारावे. पहिला प्रश्न ग्राहकाच्या कामाचा आहे, दुसरा शेतकऱ्याच्या कामाचा. कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात हा हिशोब मांडता येतो, आणि लागवडीपूर्वी घालवलेला हा तास पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतो.